बोलेरोमागचा ट्रेलर चौकोनी करू का टिअरड्रॉप? अ‍ॅव्हरेजमध्ये खरंच फरक पडते का

बोलेरोवाला_नागपूर
भाऊ लोकं, बोलेरोच्या मागे ओढायला छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवून घ्यायचा विचार करून राहिलो. हिंगण्याचा फॅब्रिकेटर म्हणते सरळ डबा करा, ८ फूट उंच, ६ फूट रुंद, आत उभं राहता येते अन् पत्रा वाया जात नाही. टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा, दिसायला लय भारी पण आत वाकूनच, वरून गोलाईचं काम म्हणून मजुरी डबल सांगून राहिला. वजन ७०० किलोच्या आसपास. जाणं म्हणजे पेंच, नवेगाव, कधी समृद्धीने शिर्डी. आकाराचा डिझेलवर फरक पडते का सगळा खेळ वजनाचाच?

डिझेल_हिशेब
वजन जाणवते सिग्नलवरून उचलताना अन् चढावर, सपाट समृद्धीवर खरा दुश्मन हवा. स्पीडच्या वर्गाने वाढते ती, म्हणजे ८० वरून १०० वर गेले की हवेचा विरोध दीडपटीच्या वर. आता बोलेरोची उंची १८८० मिमी, तुमचा डबा ८ फूट म्हणजे २४४० धरा, छपराच्या वर जवळपास दोन फुटाची भिंत उघडी, गुणिले रुंदी ६ फूट, झाला ना एक चौरस मीटर पत्रा सरळ हवेत! खालचा भाग निदान गाडीच्या आडोशाला तरी येते. नाक गोल का चपटं हे नंतर पाहा, आधी उंची कमी करा.

पत्राकाम_काका
बरोबर. अजून एक, लोकं टिअरड्रॉप म्हटलं की पुढं टोक करायला सांगतात. अरे टोक मागं पाह्यजे बाबा. पुढं नुसत्या कडा चांगल्या गोल केल्या तरी हवा बऱ्यापैकी वळून जाते, पण मागचा भाग सपाट कापला की तिथं कमी दाबाची पोकळी होते अन् ती ट्रेलरले मागं ओढत राहते. म्हणून छप्पर मागच्या बाजूला हळूहळू उतरतं ठेवा. एकदम उतरवलं तर हवा चिकटत नाही, मग मजुरी फुकट. अन् वर एसी, कॅरिअर, सोलरचा सांगाडा काहीबाही ठोकू नका, सगळी गोलाई तिथंच वाया.

बोलेरोवाला_नागपूर
काका, पण मागं उतार दिला की किचन अन् पाण्याची टाकी मागच्याच कोपऱ्यात जाऊन राहिली ना

हायवे_४४
टाकी मागं अजिबात नको बे! हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडते त्या जागी, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पाह्यजे, ७०० किलोला ७० ते १०५. मागं भारी झालं की पुढचं हलकं होते अन् ट्रेलर शेपूट हलवायला लागते. डब्याची सपाट बाजू त्यात भर घालते, खवासाकडे मोठा कंटेनर शेजारून गेला की हवेचा धक्का पूर्ण पत्र्यावर बसते. टाकी अ‍ॅक्सलच्या जरा पुढं घ्या, मागं नुसता गॅसचा ओटा. तुमची बोलेरो हिचवर किती घेते तेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

डिझेल_हिशेब
उभं राहायचंच असेल तर वर उचलायचं छप्पर करा, ताडपत्रीच्या बाजू, चालताना बंद अन् पेंचला पोचलं की उघडं. अन् ८० च्या आत चालवा, फॅब्रिकेटरच्या गोलाईपेक्षा जास्त डिझेल तिथंच वाचते.

पत्राकाम_काका
पत्रा कापायच्या आधी आरटीओत जाऊन या, ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं लागते.