आजोबांच्या कॅमेऱ्यातला जुना रोल घरी धुवायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या कॅमेऱ्यात १२० चा (कागदासोबत गुंडाळलेल्या रुंद फिल्मचा) एक रोल तसाच राहिलेला सापडला. मागच्या लाल खिडकीत ७ आकडा दिसत होता. पुढे गुंडाळून बाहेर काढला, तर कागदावर कोडॅक व्हेरिक्रोम पॅन. ही कृष्णधवल फिल्म १९५६ ते २००२ या काळात निघायची, म्हणजे रोल निदान वीसेक वर्षं जुना.

३५ मिमीचे रोल मी नेहमी धुतो, पण हा एकच आहे आणि त्यात कदाचित आजी असेल. दुसरी संधी नाही.

जुन्या फिल्मवर करडा थर चढतो, त्यासाठी एचसी-११० डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पाण्यात १:३१ प्रमाणात घ्यायचं ठरवलंय. वेळ वाढवली तर चित्राबरोबर तो थरही गडद होईल ना? तो थर रोखणारं बेंझोट्रायझोल हे रसायन घालावं का? त्याने फिकट सावल्या पुसल्या जातील अशी धास्ती वाटते.

खरी अडचण रीळ भरण्याची, म्हणजे धुण्याआधी अंधारात फिल्म रिळावर चढवण्याची. इतकी वर्षं घट्ट गुंडाळलेली फिल्म स्प्रिंगसारखी उसळते. वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून सराव केला, तर प्लॅस्टिकच्या रिळात ती अर्ध्यावर अडकते, कडा मुडपतात. स्टीलचं रीळ बरं पडेल का? कुणी असा रोल धुतला असेल तर कृपया सविस्तर सांगा.