एचओ लेआउट मोडावा की सुधारावा? चढ, सांधे आणि अडखळणारे इंजिन

पॅसेंजर यांचा प्रश्न

गेले वर्षभर मी १:८७ या प्रमाणातल्या, म्हणजे एचओ, मॉडेल रेल्वेचा लेआउट (फळीवरची रूळमांडणी) बांधत आहे. फळी २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असून तिची एक लांब बाजू भिंतीला टेकलेली आहे. फळीवर एकच मार्ग दोनदा वेढा घेतो आणि एका ठिकाणी पुलावरून स्वतःलाच ओलांडतो. इंग्रजी आठाचा आकडा मधोमध दुमडल्यावर जो आकार होईल, तसाच हा आकार आहे. प्रत्येक वेढा साधारण साडेपाच मीटरचा आहे. आतल्या वळणांची त्रिज्या ४५७ मिलिमीटर आहे आणि बाहेरच्या वळणांची ५२० मिलिमीटर. स्थानक खालच्या पातळीवर चढाच्या वेढ्यात असल्यामुळे आणि तेथे दोन समांतर रूळ व त्यांना जोडणारे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी हलती जोडणी) असल्यामुळे सुमारे अडीच मीटर लांबी सपाट ठेवावी लागली. परिणामी पुलाच्या उंचीपर्यंतचा आठ सेंटिमीटरांचा चढ मला दोन मीटरांत बसवावा लागला. उतार मात्र दुसऱ्या वेढ्यात चार मीटरांत ऐसपैस पसरलेला आहे. नियंत्रण डीसीसी पद्धतीचे आहे, म्हणजे इंजिनाला वीज आणि डिजिटल आदेश दोन्ही रुळांतूनच मिळतात.

अडचणी तीन आहेत. तीस सेंटिमीटर लांबीचे चार प्रवासी डबे जोडले की इंजिनाची चाके चढावर जागच्या जागी फिरू लागतात. हेच डबे स्थानकातील जोडसांध्यांवरून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाताना वारंवार घसरतात. शिवाय भिंतीकडच्या कोपऱ्यात आणि सांध्यांवर इंजिन अडखळते, कधी पूर्ण थांबते आणि बोटाने ढकलल्यावरच पुढे सरकते. रूळ मी दर आठवड्याला बारीक पॉलिश पेपरने घासतो, तरीही फरक पडत नाही.

डोंगर, बोगदा आणि खडी यांचे काम अद्याप सुरू केलेले नाही. हे सर्व उखडून नव्याने सुरुवात करावी, की आहे त्याच मांडणीत सुधारणा शक्य आहे, असा माझा प्रश्न आहे. शेवटची गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो. गाडी नीट धावते तेव्हाही पाचदहा फेऱ्यांनंतर मला पुढे काय करावे ते सुचत नाही.

सांधेवाला यांचा प्रतिसाद

खडी अजून चिकटवलेली नाही, हे आपले भाग्य आहे. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बसलेली खडी काढण्याचे काम मी एकदा केले आहे आणि ते पुन्हा करण्याची माझी इच्छा नाही. मोडतोडीचा निर्णय घेण्यापूर्वी आपण तिन्ही दोष स्वतंत्रपणे तपासावेत, कारण त्यांची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत.

चढ प्रथम घेऊ. आठ सेंटिमीटर भागिले दोन मीटर म्हणजे चार टक्के. लेआउटवर दोन टक्के चढ सुखाचा मानला जातो आणि तीन टक्क्यांपुढे गाडीची लांबी कमी करावीच लागते. त्यातच आपला चढ वळणावर असणार, आणि वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासत असल्यामुळे इंजिनाला तो प्रत्यक्ष आहे त्याहून अधिक जाणवतो. आता आपणच दिलेल्या मापांकडे पाहा. उतार चार मीटरांत पसरलेला आहे, म्हणजे तो बरोबर दोन टक्के आहे. मग गाडी उलट दिशेने फिरवून पाहण्यास काय हरकत आहे? इंजिन दोन टक्क्यांचा चढ चढेल आणि चार टक्क्यांचा उतार उतरेल. एक रूळही हलवावा लागणार नाही.

या उपायाला दोन मर्यादा आहेत, त्या आधीच सांगतो. तीव्र उतारावर डबे इंजिनाला मागून रेटतात, त्यामुळे गिअरमध्ये ढिलेपणा असलेले इंजिन हिसके देत उतरते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. आजवर गाडी ज्या सांध्यांवरून मागच्या बाजूने येत होती, त्यांच्यावर ती आता टोकाच्या बाजूने, म्हणजे जेथून रूळ फुटतो तिकडून, येईल. मागून येणारे चाक सांध्याचे बरेचसे दोष पोटात घालते, पण टोकाकडून येणारे चाक हलती पट्टी केसाएवढी जरी उघडी असली तरी चुकीच्या बाजूला शिरते. ती पट्टी तपासाच.

चढाची सुरुवात आणि शेवटही पाहावा. सपाट रूळ एकदम चढाला भिडला, तर त्या कोनावर इंजिनाची काही चाके अधांतरी राहतात आणि कपलिंग सुटते, म्हणून दोन्ही टोकांना तीस-चाळीस सेंटिमीटरांत चढ हळूहळू वाढत जायला हवा. मोजण्याची सोपी रीत अशी : एक मीटर लांबीची सरळ पट्टी रुळावर ठेवून तिच्या खालच्या टोकाखाली वीस मिलिमीटरचा ठोकळा सरकवावा आणि वर पाणसळ ठेवावी. बुडबुडा मधोमध आला, तर तेथे दोन टक्के चढ आहे.

डबे घसरण्याचे कारण भूमितीत आहे. दोन समांतर रुळांना जोडणारे सांधे म्हणजे एकामागोमाग उलटसुलट दोन वळणे. लांब डबा त्यांवरून जाताना त्याचे एक टोक डावीकडे झुकते, त्याच क्षणी शेजारच्या डब्याचे टोक उजवीकडे झुकते, आणि मधले कपलिंग एकाला बाजूला ओढते. जाणकारांचा एक ढोबळ आडाखा असा आहे की, वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट असेल, तर गाडी निर्धास्त धावते. आपल्या डब्यांना त्यानुसार सुमारे ९०० मिलिमीटर त्रिज्या हवी आणि अर्धवर्तुळाला १.८ मीटर रुंदी लागेल. ती या फळीवर कधीच मिळणार नाही. तोच आडाखा उलटा वापरला, तर ४५७ मिलिमीटर त्रिज्येला पंधरा सेंटिमीटरपर्यंतचे डबे शोभतात. म्हणजे आखूड डब्यांची फाटामार्गावरची छोटी गाडी किंवा मालगाडी. हे ऐकायला जड जाईल, पण येथे रूळ चुकीचे नाहीत, गाडी चुकीची आहे.

तारजोड यांचा प्रतिसाद

चढाविषयी सांधेवाला यांनी जे लिहिले आहे, त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी फक्त विजेबद्दल लिहितो.

पॉलिश पेपर कृपया थांबवावा. त्याने रुळाच्या माथ्यावर सूक्ष्म ओरखडे पडतात, त्यांत मळ साठतो, चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडतात आणि काळा थर आणखी लवकर चढतो. आपण दर आठवड्याला घासता म्हणूनच दर आठवड्याला घासावे लागते. न विणलेल्या मऊ कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा मिनरल स्पिरिट घेऊन रूळ पुसावेत. मिनरल स्पिरिटने पुसलेले रूळ अधिक काळ स्वच्छ राहतात, असे अनेकांचे मत आहे आणि माझा अनुभवही तसाच आहे. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि पुसल्यानंतर लगेच गाडी सोडू नये. डब्यांची चाकेही पुसावीत, कारण रूळ स्वच्छ करून त्यांवर मळकी चाके फिरवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मात्र मला मुख्य संशय वेगळाच आहे. आपण वीज किती ठिकाणी जोडली आहे, हे लिहिलेले नाही. एकाच ठिकाणी जोडली असेल, तर भिंतीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचताना ती रुळांच्या टोकांवरील कितीतरी जोडपट्ट्यांमधून जाते. जोडपट्टी रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी असते. वीज वाहून नेण्याचे काम ती नवी असताना करते आणि पुढे ढिली व काळी पडली की करत नाही. रूळ ज्या निकेल सिल्व्हरचा असतो, त्यात चांदी नसतेच. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या त्या मिश्रधातूचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून फळीखालून जाड तांब्याच्या दोन मुख्य तारा न्याव्यात. २.५ चौरस मिलिमीटरची तार या आकाराच्या लेआउटला भरपूर झाली. तिच्यापासून दर मीटरला, शक्य असल्यास रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, बारीक तारेची जोडणी सोल्डर करून द्यावी. दोन्ही मुख्य तारांचे रंग वेगळे ठेवावेत आणि तो नियम शेवटपर्यंत पाळावा. मी तिसऱ्या दिवशी लाल तार संपली म्हणून काळी वापरली आणि त्याची शिक्षा दोन रविवार भोगली.

काम झाले की नाण्याची परीक्षा घ्यावी. सर्वांत दूरच्या ठिकाणी दोन्ही रुळांवर आडवे नाणे ठेवताच डीसीसीच्या यंत्राने तत्काळ पुरवठा तोडला पाहिजे. तो तुटला नाही, तर तारांच्या मार्गात रोध जास्त आहे. अशा वेळी गाडी घसरून शॉर्ट सर्किट झाले की यंत्राला ते कळत नाही आणि काही अँपिअरचा प्रवाह चाकांमधून वाहत राहतो. त्या उष्णतेने डब्याची बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, वितळलेली मी पाहिली आहे.

सांध्यांवर थांबण्याचे कारण बहुधा फ्रॉग, म्हणजे जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो त्रिकोणी भाग, प्लॅस्टिकचा असणे हे आहे. लांब इंजिनाची इतर चाके वीज घेत राहतात, पण आखूड चारचाकी इंजिन तेथे क्षणभर उपाशी राहते. फ्रॉग धातूचा असल्यास सांध्याच्या मोटरवरील स्विचमधून त्याला वीज देता येते. प्लॅस्टिकचा असल्यास डिकोडरला (इंजिनातील डीसीसीचे आदेश वाचणाऱ्या भागाला) साठवण कपॅसिटर जोडावा, म्हणजे इंजिन तेवढे अंतर साठलेल्या विजेवर पार करते.

रुळांचे सगळेच जोड सोल्डर करू नयेत. तीन मीटर लांबीचा रूळ तापमान वीस अंशांनी बदलल्यास सुमारे एक मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो, आणि लाकडी फळी दमट हवेत त्याहून जास्त फुगते. वळणावरील जोड सोल्डर करावेत आणि सरळ भागात काही जोड मोकळे सोडावेत.

जुना फायरमन यांचा प्रतिसाद

माझे मत वरील दोघांपेक्षा वेगळे आहे. मी हा लेआउट मोडला असता. दोष रुळांत किंवा तारांत नाही, फळीत आहे. १.२ मीटर रुंदीच्या फळीची एक बाजू भिंतीला टेकलेली असेल, तर भिंतीकडच्या कोपऱ्यापर्यंत हात पोहोचत नाही. पाऊण मीटरच्या पुढे हात ताणून कोणी नीट सोल्डरिंग करू शकत नाही, रूळ पुसू शकत नाही आणि घसरलेला डबा उचलताना वाटेतल्या चार गोष्टी पाडतो. आपले इंजिन नेमके त्याच कोपऱ्यात थांबते, हा योगायोग नव्हे. जेथे हात पोहोचत नाही तेथे काम कच्चे राहते, आणि पुढे त्यावर डोंगर उभा राहिला की ते कायमचे कच्चे राहते. त्यापेक्षा भिंतीलगत चाळीस सेंटिमीटर रुंदीची अरुंद फळी घ्यावी. तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा मार्ग करावा आणि गोल फिरण्याचा मोह सोडावा.

सांधेवाला यांचा प्रतिसाद

हात पोहोचण्याचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. परंतु त्यासाठी फळी मोडण्याची गरज नाही. तिच्या पायांना ब्रेक असलेली चाके लावली, तर काम करताना ती भिंतीपासून पुढे ओढता येईल.

आठवी वाघीण यांचा प्रतिसाद

पाचदहा फेऱ्यांनंतर काय करावे, हा प्रश्न आपण संकोचाने शेवटी टाकला असला, तरी मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. फेऱ्या मारणे हे गाडीचे काम आहे आणि आपल्या वाट्याला त्यात फक्त पाहणे येते. आपल्याला काम हवे असेल, तर शंटिंग करावे, म्हणजे मालगाडीच्या वाघिणी इंजिनाने मागेपुढे हलवून हव्या त्या क्रमाने लावाव्यात.

अ‍ॅलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाने मांडलेली इंगलनुक ही रचना अगदी लहान आहे. तीन साइडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करण्याचे टोकाशी बंद रूळ, असतात. एकात पाच वाघिणी मावतात आणि उरलेल्या दोघांत प्रत्येकी तीन. समोरच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या राहतात. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतील पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्या पाचांची गाडी लांब साइडिंगवर तयार करायची. आठांतून पाच वाघिणी क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात, त्यामुळे तोच डाव पुन्हा येण्याची चिंता नाही. तेरा सेंटिमीटरच्या वाघिणी धरल्या, तर ही रचना पावणेदोन मीटर लांबीत आणि तीस सेंटिमीटर रुंदीत बसते. म्हणजे आपल्या फळीच्या पुढच्या कडेला स्थानकाच्या साइडिंगला ती जोडता येईल. साइडिंगच्या लांबीत मात्र उदारपणा दाखवू नये. तीनच्या जागी चार वाघिणी मावू लागल्या की कोडे सोपे होते आणि गंमत जाते.

जॉन अ‍ॅलन या अमेरिकन छांदिष्टाचे १९७२ मधील टाइमसेव्हर हे कोडे याहून कठीण आहे, पण मला ते आवडत नाही. त्यात खऱ्या यार्डासारखे काही वाटत नाही, नुसती घड्याळाशी झटापट होते.

शंटिंगमध्ये वाघिणी मागे ढकलाव्या लागतात आणि हलकी वाघीण ढकलली की उचलली जाते. अमेरिकेतील एनएमआरए या संस्थेची एचओसाठीची शिफारस अशी आहे की, वजन २८ ग्रॅम आणि त्यावर लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम असावे. पंधरा सेंटिमीटरच्या वाघिणीला हा हिशेब सुमारे ११० ग्रॅमवर जातो. वजन तळाशी चिकटवावे, छताला नव्हे.

पॅसेंजर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

गाडी त्याच संध्याकाळी उलट फिरवली. चारही डबे चढावरून न अडखळता गेले, आणि वर्षभर हे मला का सुचले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. वीज खरोखरच एकाच ठिकाणी जोडलेली होती. नाण्याच्या परीक्षेत दूरच्या कोपऱ्यात पुरवठा तुटला नाही. नाणे मात्र गरम झाले. ते पाहून मी घाबरलो आणि दुसऱ्याच दिवशी फळीला चाके लावून ती भिंतीपासून ओढली. आता सहा ठिकाणी जोडण्या दिल्या आहेत आणि नाणे कोठेही ठेवले तरी पुरवठा तत्क्षणी तुटतो. फ्रॉग प्लॅस्टिकचेच निघाले, त्यामुळे लहान इंजिनाला कपॅसिटर बसवला आहे.

सांधेवाला यांनी दिलेला इशारा अक्षरशः खरा ठरला. दिशा बदलल्यावर स्थानकाच्या प्रवेशसांध्यावर, जेथे पूर्वी कधीही काही झाले नव्हते, दर चौथ्या फेरीला पुढची बोगी चुकीच्या रुळावर जाऊ लागली. भिंगातून पाहिले तेव्हा हलत्या पट्टीचे टोक बोथट दिसले आणि ते मुख्य रुळाला पूर्ण टेकत नव्हते. बारीक कानशीने टोक घासून निमुळते केले, पट्टीच्या बुडाशी अडकलेला प्लॅस्टिकचा कण काढला आणि सलग पन्नास फेऱ्या मोजल्या. गाडी एकदाही घसरली नाही.

लांब डबे मी काचेच्या कपाटात ठेवले आहेत. त्यांच्याबद्दलचा निर्णय सर्वांत अवघड गेला. आठ वाघिणींपैकी पाच माझ्याकडे आहेत आणि साइडिंगसाठी पुढच्या कडेला पेन्सिलने रेषा आखल्या आहेत. त्या रेषांवर वाघिणी हाताने ढकलून पाहताना तिसरे साइडिंग दोन सेंटिमीटरने आखूड भरते आहे, म्हणून सांधा तेवढा मागे घेऊन मगच रूळ ठोकणार आहे.