लँडलाइनलाही दहाच आकडे आहेत हो!

सातारकर:
काल इथे एकाने लिहिलं, "मोबाइलला देशभर दहा आकडे, लँडलाइनला कुठे सहा, कुठे आठ. हा गावठी कारभार बंद करा." गावठी? कोड धरून मोजा की. शून्य सोडून मुंबई २२ आणि पुढे आठ, कोल्हापूर २३१ आणि पुढे सात, सातारा २१६२ आणि पुढे सहा. बेरीज दहाच. जिथे फोन जास्त तिथे कोड आखूड, म्हणजे नंबरांना जागा जास्त. आखणाऱ्याला अक्कल होती. आमच्या दुकानाच्या पाटीवर आधी पाचच आकडे होते. नंतर सुरुवातीला २ लागला, तो पेंटरने काठाला चिकटून, वेगळ्याच लाल रंगात कोंबला. अजून तसाच आहे, आणि फोनही चालू आहे.

पेठकर:
तो "एक" मीच. मोजता मलाही येतं. वैताग फिरवण्याचा आहे. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य आलं. माझी आई ८१ वर्षांची. महिनाभर त्या रेकॉर्डवरच्या बाईशी भांडत होती, "अगं, लावते की, जरा दम धर!" आता ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, २०२५ची शिफारस अशी की लँडलाइनवरून लँडलाइनलाही शून्य आणि कोड लावा. समोरच्या वाड्यात फोन करायला ०२०?

सातारकर:
मग उद्या २ने सुरू होणारे मोबाइल नंबर काढले, तर ते आणि शेजारच्यांचा लँडलाइन यातला फरक एक्स्चेंजला कसा कळणार? शून्य त्यासाठीच. २०२१च्या त्या शून्यातूनच २५४ कोटी नंबर मोकळे होतात, असा सरकारचा हिशेब होता.

वऱ्हाडी ठेचा:
कोडचं निघालंच आहे तर सांगा राजेहो, सुरत ०२६१ अन् राजकोट ०२८१, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंगतीत. आमचं नागपूर मात्र ०७१२, अमरावती ०७२१. शेजारी कोण? भोपाळ ०७५५, इंदूर ०७३१. संयुक्त महाराष्ट्र फक्त भाषणात!

पणजीकर:
तुम्ही एवढ्यावरच रडता? आमचं अख्खं राज्य ०८३२, बेंगळुरूच्या ०८० मागे उभं. कोणी विचारलं होतं?

सातारकर:
कोड राज्यांच्या सीमा बघून पाडलेले नाहीत. शिवाय १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशचीच राजधानी होती. एवढा अन्याय वाटत असेल तर पिनकोड बघा. १९७२ला टपाल खात्याच्या श्रीराम वेलणकरांनी आखला, त्यात मुंबई, नागपूर, पणजी तिन्ही ४मध्ये.

वऱ्हाडी ठेचा:
अन् भोपाळ? तेही ४मध्येच! आधी पिन वाचायला शिका, मग आम्हाला इतिहास शिकवा. राजधानी होतो म्हणूनच तर झोंबते. राजधानी गेली, कोड तेवढा तिकडचा ठेवला.

सातारकर:
भोपाळचं विसरलो. खूश?

पेठकर:
विदर्भ वेगळा करून झाला असेल तर माझ्या प्रश्नाकडे या. दहा आकडे भरतात, मान्य. आखणारा हुशार, तेही मान्य. त्याला फक्त आमच्या आईकडे महिनाभर राहायला पाठवा. आणि सातारकर, एक सांगा. ट्रायचं ते लागू झालं तर गावातल्या गिऱ्हाइकालाही कोड लागणार. तुमच्या त्या पाटीवर ०२१६२ आहे?

सातारकर:
नाही. जागाच नाही तिथे.

पेठकर:
पेंटरला बोलवा मग. लाल रंग शिल्लक असेल.