शब्दचर्चा : ‘जिवंत पाणी’ आणि ‘तान्हेले’

अंबाजोगाईहून प्रश्न : योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय 4 मध्ये, येशू विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला ‘जिवंत पाणी’ देऊ करतो. हा शब्द आध्यात्मिक अर्थासाठी मुद्दाम घडवलाय का? आणि मत्तय 5:6 मध्ये ‘नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले’ आहे. तान्हेले म्हणजे तहानलेलेच ना? की तान्ह्या बाळासारखे?

जालन्याहून : ताई, घडवलेला नाही. आपल्याकडं विहीर खणताना खडकाच्या फटीतून पाणी फुटलं की म्हणतात ना, ‘जिवंत झरा लागला’? हिब्रूतलं ‘मयीम हय्यीम’ तेच, झऱ्याचं वाहतं पाणी. उत्पत्ती 26 मध्ये इसहाकाच्या चाकरांना खोऱ्यात खणताना ते लागतं आणि तिथले गुराखी लगेच ‘पाणी आमचं’ म्हणून भांडायला उठतात. तिथं रूपक नाही, गुरांचं पाणी आहे.

म्हणून त्या बाईला भोळी समजणारं प्रवचन मला पटत नाही. तुमच्याजवळ पोहरा नाही, विहीर खोल, मग जिवंत पाणी आणणार कुठून, हा रोज पाणी शेंदणारीचा रास्त सवाल आहे. ग्रीकमध्ये ती ‘फ्रेअर’ म्हणते, म्हणजे खणलेली विहीर. येशू उत्तरात ‘पेगे’ म्हणतो, म्हणजे झरा, आणि तो पिणाऱ्याच्या आतच फुटेल म्हणतो.

याच्याबरोबर यिर्मया 2:13 वाचाच. लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि फुटके हौद खोदले, ही देवाची तक्रार. तिकडं खडकात हौद कोरून आतून चुन्याचा गिलावा करत, पावसाचं पाणी साठवत. गिलाव्याला तडा गेला की पाणी जिरलं. शेततळ्याची पन्नी फाटल्यावर होतं तसं : दिवाळीला काठोकाठ, संक्रांतीला नुसता चिखल. खणायचे कष्ट पुरते घेतले आणि पाणी राहिलं नाही, हे त्या वचनातलं दुःख इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

लातूरहून : तान्हेले म्हणजे तहानलेलेच. तृष्णा, तण्हा, तहान असा शब्द उतरत आला. आमच्या गावात आजही ‘तान लागली’ म्हणतात. भूक-भुकेला, तसं तान-तान्हेला. तान्ह्या बाळाचा अर्थ इथं नाही.

मात्र इथं ‘तृष्णा’ चालणार नाही. धम्मात तण्हा दुःखाचं मूळ आहे, ती विझवायची. मत्तयात तान्हेल्यांना धन्य म्हटलंय. स्तोत्र 42 मध्ये हरिणीसारखा जीव देवासाठी लुलपतो. तिथला हिब्रू शब्द ‘नेफेश’, त्याचा अर्थ जीवही आणि घसाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा आम्ही काढलाय. घसा कोरडा पडला की जीव वेगळा उरत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आणि योहान 19:28 मध्ये वधस्तंभावर येशू स्वतः ‘मला तहान लागली आहे’ म्हणतो. तिथं साधा ‘तहान’च हवा, दुसरा कुठलाही शब्द मोठा होईल.