संत पॉल चोंग हासांग : छळग्रस्त कोरियन ख्रिस्ती समाजाच्या या दूताने बीजिंग आणि रोमकडे नेमके काय मागितले?

वसईवाचक यांचा प्रश्न

नमस्कार. दर वर्षी 20 सप्टेंबरला आमच्या चर्चमध्ये संत अँड्र्यू किम, संत पॉल चोंग आणि त्यांच्या सोबत्यांचा सण असतो. अँड्र्यू किम हे कोरियाचे पहिले कोरियन धर्मगुरू होते, हे प्रवचनातून ऐकायला मिळते. पॉल चोंग यांच्याविषयी मात्र ते प्रापंचिक होते आणि त्यांनी रक्तसाक्ष दिली, यापलीकडे फारसे काही कानावर पडत नाही. यंदा धर्मग्रामाच्या त्रैमासिकात त्यांच्यावर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाचताना दोन गोष्टी समोर आल्या. छळ होत असलेल्या आपल्या समाजासाठी मदत मागायला ते नऊ वेळा बीजिंगला गेले, ही एक. आणि त्यांच्याच नात्यातल्या एकाने परदेशी सैन्य पाठवण्याची विनंती करणारे पत्र रेशमी कापडावर लिहिले होते, ही दुसरी. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे? चोंग यांनी कोणती मदत मागितली, कोणाकडे मागितली आणि ती मिळाली का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पूर्वेचा_अभ्यासक यांचे उत्तर

आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टींची मुळे एकाच घरात आहेत, म्हणून आधी त्या घराविषयी लिहितो. चोंग हासांग यांचा जन्म 1795 चा. वडील चोंग याकजोंग हे विद्वान गृहस्थ होते आणि सर्वसामान्यांना वाचता यावे म्हणून त्यांनी कोरियन लिपीत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले होते. काका चोंग याकयोंग, म्हणजे पुढे ‘तासान’ या नावाने कोरियाभर मान्यता पावलेले विचारवंत. 1800 मध्ये राजा चोंगजो वारला, सत्ता राजमातेच्या हाती आली आणि 1801 मध्ये ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली. त्यात हासांग यांचे वडील आणि थोरला भाऊ दोघांचाही शिरच्छेद झाला, काकांना 18 वर्षांची हद्दपारी भोगावी लागली आणि घरदार जप्त झाले. हासांग तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. आई यू सेसिलिया मुलांना घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाला गेली. या धर्मापायी घराची राखरांगोळी झाली, अशीच त्या नातेवाइकांची भावना होती. पण त्या माउलीने मुलांना प्रार्थना शिकवणे सोडले नाही.

रेशमी पत्र लिहिणारे ह्वांग सायोंग हे याच घरचे जावई, हासांग यांच्या चुलत बहिणीचे यजमान. 1801 मध्ये ते पेरोन येथील कुंभारांच्या वस्तीत भुयारात लपले होते आणि तिथेच त्यांनी सुमारे 62 सेंटिमीटर लांब व 38 सेंटिमीटर रुंद कापडावर 13,000 हून अधिक चिनी अक्षरे लिहून काढली. कापड हाती घेऊन अंदाज बांधला, तरच ती अक्षरे किती बारीक असतील याची कल्पना येते. छळाची हकिगत सांगून झाल्यावर बीजिंगच्या बिशपांना त्यांनी काही उपाय सुचवले. चीनच्या सम्राटाकडून कोरियन दरबारावर दबाव आणावा, हा त्यांपैकी एक. आणि पाश्चात्त्य देशांतून शेकडो जहाजे व पन्नास-साठ हजार सैनिक पाठवावेत, हा दुसरा. पत्र सीमेपलीकडे पोहोचण्याआधीच सरकारच्या हाती पडले. ख्रिस्ती म्हणजे राजद्रोही, हा आरोप करायला दरबाराला ह्वांग यांच्याच हस्ताक्षरातला पुरावा मिळाला आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या माथी तो कलंक राहिला.

या पार्श्वभूमीवर हासांग यांची मागणी वाचावी. त्यांनी सैन्य मागितले नाही, धर्मगुरू मागितले. आज ही मागणी साधी वाटेल, पण त्या समाजाचा इतिहास पाहिला की तिचे महत्त्व पटते. 1784 मध्ये यी सुंगहून बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परतले, तेव्हापासून तिथले ख्रिस्ती मंडळ प्रापंचिकांनीच उभे केले. उत्साहाच्या भरात त्यांनी आपल्यातूनच काही जणांना धर्मगुरू नेमले आणि ते मिस्साही करू लागले; असे करता येत नाही हे बीजिंगहून कळल्यावर त्यांनी ते निमूटपणे थांबवले. प्रार्थना, धर्मशिक्षण, बाप्तिस्मा हे सारे त्यांना करता येत होते. मिस्सा आणि पापनिवेदन मात्र धर्मगुरूंवाचून अशक्य होते. त्यांना लाभलेले एकमेव धर्मगुरू, चीनचे फादर चोऊ वेनमो, 1801 मध्ये मारले गेले आणि त्यानंतर तेहतीस वर्षे त्या देशात एकही धर्मगुरू नव्हता.

आता प्रवासाविषयी. कोरियाच्या प्रजेला सीमा ओलांडण्याची मनाई होती; उघड मार्ग एकच, तो म्हणजे दर हिवाळ्यात चीनच्या सम्राटाकडे नजराणा घेऊन जाणारे राजदरबाराचे शिष्टमंडळ. यांगबान, म्हणजे उमराव कुळातला हा तरुण 1816 मध्ये त्या शिष्टमंडळात नोकर म्हणून सामील झाला. सोलहून उइजू, तिथून गोठलेली यालू नदी, मग मांचुरियाचा प्रदेश आणि शेवटी बीजिंग, असा हजार किलोमीटरहून अधिक अंतराचा रस्ता ऐन थंडीत कापायचा, आणि बीजिंगला पोहोचल्यावर सोबत्यांची नजर चुकवून चर्च गाठायचे. पुढे शिष्टमंडळाचे सरकारी दुभाषे यू चिनगिल आणि नोकर चो शिनचोल हे दोघेही ख्रिस्ती झाले, तेव्हा या कामाला आतून आधार मिळाला.

बीजिंगमध्ये मात्र दरवेळी आश्वासनच पदरी पडत होते, कारण चीनमध्येही ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता आणि पाठवायला धर्मगुरूच शिल्लक नव्हते. म्हणून 1825 च्या सुमारास हासांग आणि यू चिनगिल यांनी थेट पोपना पत्र लिहिले. एखादा धर्मगुरू आला, तो मारला गेला की पुन्हा सारे पोरके, असे न होता कायमची व्यवस्था व्हावी, हा त्या पत्राचा गाभा होता. 1827 मध्ये ते पत्र मकाऊमार्गे रोमला पोहोचले. तिथे धर्मप्रसार खात्याचे प्रमुख कार्डिनल कापेल्लारी यांनी ते मनावर घेतले. हेच कापेल्लारी 1831 मध्ये पोप सोळावे ग्रेगरी झाले आणि त्याच वर्षी 9 सप्टेंबरला त्यांनी कोरियासाठी स्वतंत्र अपोस्टोलिक व्हिकॅरिएट, म्हणजे थेट पोपच्या अधिकाराखालचा मिशन प्रदेश, स्थापन केले. माझ्या मते हासांग यांच्या आयुष्याचे सर्वांत मोठे यश ते हेच.

मांडवीकाठ यांचे उत्तर

वरील उत्तराला गोव्याच्या बाजूने एक जोड देतो. 1690 मध्ये स्थापन झालेला बीजिंगचा धर्मप्रांत पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा, म्हणजे पाद्रोआदोतला होता आणि तो गोव्याच्या आर्चबिशपांच्या महाधर्मप्रांतात मोडत असे. कोरियाचे ख्रिस्ती बीजिंगच्या बिशपांच्या अधिकाराखाली होते. म्हणजे कागदोपत्री त्यांचा धागा थेट मांडवीच्या काठापर्यंत येत होता. 1831 च्या निर्णयाने कोरिया बीजिंगपासून वेगळा झाला आणि पॅरिसच्या परदेश मिशन संस्थेकडे सोपवला गेला. पाद्रोआदो आणि प्रोपगंडा (म्हणजे रोमचे धर्मप्रसार खाते) यांच्या ज्या वादाने मुंबई आणि वसईची चर्चेस त्याच शतकात ढवळून निघाली, त्याच वादाचे पडसाद बीजिंगमध्येही होते. कोरियाच्या व्हिकॅरिएटचे पहिले प्रमुख (व्हिकर), बिशप ब्रुगिएर, सयामहून निघून चीनभर वणवण करत कोरियाच्या दिशेने गेले, तेव्हा बीजिंगच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांकडून त्यांना मनापासून साथ मिळाली नाही. 1835 मध्ये सीमेपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांचे निधन झाले. वसईच्या वाचकांसाठी लिहिताना हा संदर्भ आपण अवश्य द्यावा, कारण त्यांच्या पणजोबांच्या पिढीला तो वाद घरच्यासारखा माहीत होता.

वसईवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाद्रोआदोचा संदर्भ माझ्या ध्यानीमनी नव्हता. ब्रुगिएर पोहोचले नाहीत, तर मग कोरियात प्रत्यक्ष कोण आले, आणि त्यांना आत कसे घेतले गेले?

पूर्वेचा_अभ्यासक

1834 च्या सुरुवातीला चीनचे फादर यू आले. 1836 च्या जानेवारीत फ्रेंच धर्मगुरू मोबाँ, वर्षाच्या अखेरीस शास्ताँ आणि 1837 च्या डिसेंबरात बिशप आंबेर आले. त्यांना आत आणण्याच्या जोखमीत हासांग आणि त्यांचे सोबती स्वतः उतरले होते. मोबाँ यांची हकिगत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. रात्रीच्या अंधारात गोठलेली यालू ओलांडल्यावर उइजूच्या वेशीवरचा पहारा टाळणे भाग होते, म्हणून ते तटाखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या मोरीतून सरपटत शहरात शिरले. पुढच्या प्रवासात सुतकी माणसाचा वेश उपयोगी पडला. कोरियात सुतक पाळणारा माणूस खांद्यापर्यंत येणारी मोठी विणलेली टोपी घालत असे, तोंडासमोर कापडाचा पडदा धरत असे आणि त्याच्याशी बोलायला जाणे असभ्य समजले जाई. उंच नाकाचा, निळ्या डोळ्यांचा माणूस लपवायला याहून चांगली सोय नव्हती.

बिशप आंबेर सोलमध्ये हासांग यांच्याच घरी राहिले आणि त्यांची आई व बहीण घर सांभाळत असत. बिशपांनी हासांग यांना धर्मगुरू करण्याच्या उद्देशाने लॅटिन आणि ईशज्ञान शिकवायला सुरुवात केली होती. त्याआधी 1836 च्या डिसेंबरात अँड्र्यू किम यांच्यासह तीन मुले मकाऊला शिकायला निघाली, तेव्हा त्यांना सीमेपर्यंत पोहोचवणाऱ्यांत हासांग होते. 20 सप्टेंबरच्या सणात ही दोन नावे शेजारी येतात, त्यामागे हे नाते आहे.

इतिहासप्रेमी यांचे उत्तर

चोंग यांच्याविषयी मलाही नितांत आदर आहे, तरीही एक मुद्दा लेखात सुटू नये असे वाटते. मदत म्हणून जे धर्मगुरू आले, त्यांच्या येण्यानेच 1839 च्या छळाची धार वाढली. परदेशी माणसे देशात लपली आहेत हे कळताच शोधमोहीम गावोगाव फिरली. आपल्यामुळे लोकांचे हाल होत आहेत हे पाहून बिशप आंबेर स्वतः हजर झाले आणि त्यांनी मोबाँ व शास्ताँ यांनाही तसेच करायला लिहिले. 21 सप्टेंबरला तिघांचा शिरच्छेद झाला. 1846 मध्ये फ्रेंच नौदलाचा अधिकारी सेसील याच हत्यांचा जाब विचारणारे पत्र घेऊन युद्धनौकांसह कोरियाच्या किनाऱ्यावर आला आणि पुढच्याच महिन्यात तुरुंगातल्या अँड्र्यू किम यांना देहदंड झाला. 1866 मध्ये तर फ्रेंच आरमाराने कांगह्वा बेटावर हल्लाच केला. हासांग यांनी सैन्य मागितले नाही हे खरे. पण फ्रेंच धर्मगुरूंच्या मागोमाग फ्रेंच तोफा येऊ शकतात, ही दरबाराची भीती अगदीच निराधार नव्हती.

पूर्वेचा_अभ्यासक

इतिहासप्रेमी यांचा मुद्दा रास्त आहे आणि तो लेखात यायलाच हवा. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की, ही भीती हासांग यांनाही ठाऊक होती आणि तिला त्यांनी उत्तर दिलेले आहे. अटक होणार हे ओळखून त्यांनी मुख्य प्रधानांना उद्देशून एक निवेदन लिहून तयार ठेवले होते. ‘सांगजे सांगसो’ या नावाने ते ओळखले जाते. 1839 मध्ये पकडले गेल्यावर त्यांनी ते सादर केले. नऊ वेळा परमुलखात जाऊन मदत मागणाऱ्या या माणसाने शेवटची विनवणी आपल्याच सरकारकडे केली, आणि तीही सरकारला पटेल अशा भाषेत. ख्रिस्ती धर्मात आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आहे, त्यामुळे आमच्यावर पितृद्रोहाचा आरोप लागू होत नाही, असे ते मांडतात. पूर्वजांपुढे नैवेद्य न ठेवण्याविषयी त्यांचा युक्तिवाद असा की, झोपलेल्या माणसालासुद्धा अन्न वाढून उपयोग नसतो, मग मृत्यूच्या निद्रेत गेलेल्याला ते कसे पोहोचणार? आम्ही राजाची प्रजाच आहोत, आम्हाला जगू द्यावे आणि तुरुंगातल्यांना सोडावे, ही त्यातली मागणी. ह्वांग यांच्या पत्राशेजारी हे निवेदन ठेवून वाचले, तर एकाच घरातल्या दोन माणसांनी एकाच संकटातून काढलेले दोन मार्ग स्पष्ट दिसतात, आणि मला तरी दुसरा मार्ग अधिक धैर्याचा वाटतो.

सरकारने ऐकले नाही. 22 सप्टेंबर 1839 रोजी सोलच्या धाकट्या पश्चिम दरवाजाबाहेर हासांग आणि यू चिनगिल यांचा शिरच्छेद झाला. आई नोव्हेंबरात तुरुंगात वारली आणि बहीण एलिझाबेथ हिला डिसेंबरच्या अखेरीस मृत्युदंड दिला गेला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 6 मे 1984 रोजी सोलमध्ये 103 जणांना संतपद बहाल केले, त्यांत ही माय आणि तिची ही दोन्ही लेकरे आहेत. वडील आणि थोरला भाऊ यांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित व्हायला 2014 साल उजाडावे लागले. लेखासोबत कुटुंबाची वंशावळ छापता आली तर जरूर छापावी. वाचकांना सगळी नाती एका दृष्टिक्षेपात कळतील.