मदत हवी आहे: तांबी सरकून मूत्राशयात गेली आहे, ऑपरेशन कसं करतात?

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. बाळ अंगावर पीत असतानाच तिने तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) बसवून घेतली होती. पुढच्या तपासणीत दोरा दिसेना, तेव्हा "पडून गेली असेल" असं सांगितलं गेलं. एक्स-रे कोणी काढलाच नाही. हल्ली लघवीला सारखी जळजळ. गोळ्या घेतल्या की बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. मग लघवी लालसर झाली, सोनोग्राफीत मूत्राशयात खडा निघाला. एक्स-रेत त्या खड्याच्या पोटात चक्क टी दिसतो, एक दांडी बाहेर आलेली.

सर्जन म्हणतात काढायलाच हवी. तिच्या सासूबाई म्हणतात, खडा फोडा आणि सोडून द्या. लघवीच्या मार्गाने दुर्बिणीतून निघते का, की पोट उघडावं लागतं?

प्रतिसाद १
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नुसता खडा फोडून भागणार नाही. तांबी आत राहिली तर तिच्यावर पुन्हा क्षार चढणार. हजारात एखाद-दोघींच्या बाबतीतच ती गर्भपिशवीला भोक पाडून बाहेर जाते. बाळंतपण नुकतंच झालेलं आणि अंगावर पाजणं चालू असेल तर धोका वाढतो.

मार्ग ठरतो तो बाहेरच्या दांडीवर. सगळी तांबी मूत्राशयाच्या पोकळीत असेल तर दुर्बिणीतून लेझरने खडा फोडून ती ओढून काढतात. दांडी भिंतीत रुतली असेल तर बहुधा लॅप्रोस्कोपी (पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन), भिंतीला टाके आणि काही दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. तांब्यामुळे आजूबाजूला सूज येऊन आतडं चिकटलेलं असू शकतं, मग पोट उघडायची वेळ येते. म्हणून आधी सिटी स्कॅन करून घ्या आणि ऑपरेशनला युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारतज्ज्ञ) असणार ना, हे स्पष्ट विचारा. स्कॅनआधी गर्भचाचणीही करा. जागेवरून हललेल्या तांबीवर गर्भनिरोधनासाठी विसंबता येत नाही, हे कुणी सांगतच नाही!

प्रतिसाद २
माझी पोटातल्या चरबीच्या पडद्यात अडकली होती. काही त्रास नव्हता, तरी काढली. लॅप्रोस्कोपीने निघाली, दुसऱ्या दिवशी घरी.

धागाकर्ती
दोघींचे आभार. सिटी स्कॅन झालेला नाही, उद्याच विचारते. लघवीत जंतुसंसर्ग आहे, तो आटोक्यात आल्यावरच तारीख देणार म्हणाले. थांबणं बरोबर आहे ना?

प्रतिसाद १
बरोबर आहे. लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) करून त्याप्रमाणे औषध द्यायला हवं. मधेच थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच न्या.