आधी लिपिड बघा, उर्सो नंतर

टीपीएनवर (शिरेतून दिलेल्या पोषणावर) असलेल्या बाळाच्या रक्तातली पित्ताम्लं (यकृतात बनणारे पित्तातले घटक) वाढली की लगेच ‘उर्सो’ (पित्ताचा प्रवाह सुधारणारं औषध) सुरू करा, असा सल्ला दिला जातो. इतकी घाई नको. नवजात बाळात, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या, ती मुळातच जास्त असतात. डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतातून पित्तावाटे बाहेर पडायला हवं ते पिवळं द्रव्य) २ मिग्रॅ/डेलि.च्या वर टिकलं तर पित्त तुंबलंय असं धरा. शी पांढरट असेल तर टीपीएनवर खापर फोडण्याआधी बिलिअरी अट्रेझिया (पित्तनलिका बंद असण्याचा आजार) नाही ना, हे तपासा.

खरी मेख टीपीएनमधल्या सोयाबीन तेलाच्या लिपिडमध्ये (शिरेतून द्यायच्या स्निग्धांशात) आहे. त्यातली वनस्पतिजन्य स्टेरॉल्स यकृतपेशीतल्या एफएक्सआरला (पित्ताम्लं ओळखणाऱ्या रिसेप्टरला) दाबतात, मग पित्ताम्लं बाहेर टाकणारा बीएसईपी पंप मंदावतो. म्हणून सोया लिपिड १ ग्रॅम/किलो/दिवसावर आणा, नाहीतर त्याच मात्रेत माशाच्या तेलाचं द्या. वजनवाढीवर मात्र डोळा हवा. टीपीएनमधलं मँगनीज बंद करा, ते पित्तावाटेच बाहेर पडतं, म्हणून पित्त तुंबलं की साचतं. तांबंही तसंच, पण ते सरसकट थांबवलं तर पांढऱ्या पेशी घटतात, हाडं ठिसूळ होतात. पातळी मोजूनच कमी करा.

आतडं चालत असेल तर आईचं दूध १०-२० मिली/किलो/दिवस तरी द्याच. पोटात काहीच गेलं नाही तर पित्ताशय आकुंचन पावत नाही. उर्सोही पोटातूनच द्यावं लागतं. लहान आतडं बरंच कापलेलं असेल तर उर्सो नीट शोषलं जात नाही.